थोरला कॅमेरा, धाकटा कॅमेरा

पाडवा झाला की मुरुमच्या बाजारात मांडववाल्यांची कापडं उन्हात पडायला लागतात. वर्षभर गोदामात दाबून ठेवलेली, उंदरांनी कडेनं कुरतडलेली लाल-पिवळी कापडं. बँडवाले दुपारचे पत्र्याच्या शेडखाली वाद्यं पुसत बसतात. डीजेवाले रिकाम्या मैदानात आवाज लावून बघतात आणि आमच्या गल्लीतल्या काचा थरथरतात. लग्नसराई आली हे मला कॅलेंडरातल्या मुहूर्तांवरून कधी कळलं नाही, ते या काचांवरून कळतं. मग मी स्टुडिओतलं लोखंडी कपाट उघडतो आणि दोन्ही कॅमेरे बाहेर काढतो. आमच्या भागात बुरशीचं भय नाही, धुळीचं आहे. रबरी फुग्यानं फुंकर मारायची, मऊ कापडानं काच पुसायची, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. चार वर्षं झाली, दोन्हींतला एकही मी लग्नाला नेत नाही. आता नवा कॅमेरा आहे, तो आवाजसुद्धा करत नाही. तरी दर वर्षी हे दोन पुसल्याशिवाय मला पहिल्या लग्नाला जाता येत नाही.

या वर्षी पुसत होतो तेव्हाच सास्तूरहून एका मास्तरांचा फोन आला. त्यांना पाखरांचे फोटो काढायचा नाद लागलाय. नवा कॅमेरा परवडत नाही, तुमच्याकडे दोन जुने पडून आहेत असं कळलं, एखादा विकणार का, असं विचारत होते. पुढे म्हणाले, "दोन्हीत चांगला कुठला, तेवढं प्रामाणिकपणे सांगा." मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. दुकानात गिऱ्हाईक असतं तर मी हे एका श्वासात सांगितलं असतं, आणि वर चार गोष्टी न विचारता शिकवल्या असत्या. तसा माझा स्वभावच आहे. पण फोन ठेवला आणि दोन्ही कॅमेरे मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

एकाला आम्ही थोरला म्हणायचो, दुसऱ्याला धाकटा. थोरला वयानं थोरला, अंगानं लहान. दहा मेगापिक्सेलचा. आज शेळ्या राखणाऱ्याच्या खिशातल्या मोबाइललासुद्धा याहून जास्त असतात. मागचा पडदा काडेपेटीएवढा, त्यावर फोटो नीट आलाय की हललाय हे घरी जाईपर्यंत कळायचं नाही. दिवस मावळला की तो आंधळा. उजेड कमी पडला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. पण भर दिवसा, मांडवाच्या कापडातून गाळून आलेल्या उन्हात, त्याच्यासारखा रंग मी दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात बघितला नाही. हळद हळदीसारखी दिसायची. सावळी नवरी सावळीच दिसायची. तिला पांढरीफटक करणं नाही की काळवंडून टाकणं नाही. जुन्या पद्धतीचा सेन्सर असतो त्यात, म्हणून होतं तसं, असं म्हणतात. मला त्यातलं फार कळत नाही. मला फक्त दिसतं.

धाकटा त्यानंतर चार-पाच वर्षांनी आला, सोलापूरच्या एका फोटोग्राफरनं वापरून सोडलेला. वयानं धाकटा, अंगानं दांडगा. दिवसभर गळ्यात अडकवला की मानेवर पट्ट्याचा वळ उठायचा. सेन्सर मोठा, त्यामुळं अंधारातही बघायचा. वरातीत नुसत्या गॅसबत्तीच्या उजेडात नवरदेवाच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा असा फोटो. एका वेळी दोन कार्डं बसायची. आणि धार अशी की माणसाला लाज वाटावी. चेहऱ्यावरचे खड्डे, उसवलेला टाका, रडून सुजलेली पापणी, काही म्हणून सोडायचा नाही. रंग मात्र थंड. गोऱ्या माणसाला आजारी दाखवायचा, सावळ्याला उदास. नवरीच्या मावश्या अल्बम बघून म्हणायच्या, आमची पोरगी अशी नाही हो. त्यांचं बरोबर असायचं.

धाकटा माझा होता. थोरला शिवलिंगचा.

शिवलिंग माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. आमचा स्टुडिओ भागीत होता, पण आमची खरी भागी भांडणाची होती. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्हींची खिचडी. मला तो आण्णा म्हणायचा, आणि आण्णा म्हणूनच अपमान करायचा. मी त्याला म्हणायचो, तो डबा भंगारात घाल, एकाच कंपनीचे दोन सारखे कॅमेरे घेऊ, अल्बममध्ये रंग जुळवताना माझे डोळे फुटायची वेळ येते. खरंच यायची. एकच नवरी, एकच क्षण, डावीकडून मी काढलेला फोटो निळसर, उजवीकडून त्यानं काढलेला उबदार. पान उलटताना नवरी बदलली की काय असं वाटायचं. मी तासन् तास बसून त्याचे फोटो थंड करायचो आणि माझे गरम, कुठंतरी मधे आणून ठेवायचो. तो मागं उभा राहून म्हणायचा, "आण्णा, माझ्या फोटूला ताप न्हाई आलेला, तुमचा फोटू गारठलाय. तेवढा त्यालाच शेका." त्याचं म्हणणं खरं होतं. ते मी कधी कबूल केलं नाही.

चार वर्षांपूर्वीची लग्नसराई मला अशी तुकड्यातुकड्यांनी आठवते. लॉकडाऊन संपून मोकळा श्वास घेता येणारी ती पहिलीच लग्नसराई. दोन वर्षं अडलेली लग्नं एकदम सुटली होती. एका तारखेला मुरुमच्या चारी बाजूंना अक्षता पडायच्या. कडुनिंबाच्या फुलांचा कडवट वास, मांडवाच्या दारात सांडलेलं पाणी दोन मिनिटांत वाळून जायचं, बुंदीच्या कढईजवळ उभं राहवायचं नाही, आणि तरी तिथल्या आचाऱ्याचा फोटो काढायला शिवलिंग हमखास जायचा. मला त्या फोटोचा उपयोग कळायचा नाही. अल्बमात आचाऱ्याला कोण घेतो? लिंगायतांच्या घरचं लग्न असलं की पंगतीला हुग्गी असायची, गव्हाची, गुळातली. तिचा पहिला घास घेताना लोकांचे डोळे आपोआप मिटतात, तो क्षण तो बरोबर पकडायचा. म्हाताऱ्या बायका मोबाइल बघून तोंड फिरवायच्या, पण त्याच्यासाठी थांबायच्या. कमरेत वाकून तो म्हणायचा, "इल्लि नोड्री, अम्मा, इकडं बघा," आणि त्या पदर सारखा करून खरंच बघायच्या. माझ्याकडं त्यांनी तसं कधीच बघितलं नाही. मी ओरडायचो, "मावशी, मान वर."

आता कामाची एक रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं. दोन कॅमेऱ्यांच्या लग्नात दुसरा फोटोवाला फोटोत येणं हा आमच्या धंद्यात गुन्हा. गिऱ्हाईक अल्बम उलटता उलटता बोट ठेवतं आणि विचारतं, मधी ह्यो कोण. पण मांडवात जागा असते केवढी. मी नवरीवर रोखलेलं असताना मागून शिवलिंगचं डोकं उगवायचं. कधी कोपर, कधी पाठ, कधी अख्खाच्या अख्खा, तोंडभर हसत, कुणाला तरी पुढं या म्हणून हात करत. धाकट्याच्या फाइली मोठ्या. अक्षता पडेपर्यंत कार्डं भरत यायची. म्हणून पंगत बसली की मी एका कोपऱ्यात खुर्ची टाकून कार्ड रिकामं करायला बसायचो. आधी डोळे मिटलेले, मग हललेले, मग शिवलिंग आलेले. पडद्यावर तो दिसला की अंगठा आपोआप कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर जायचा. दोनदा दाबलं की गेला. बाराएक वर्षं आम्ही बरोबर लग्नं केली. किती वेळा दाबलं असेल ते बटण, मला सांगता येणार नाही.

त्यातले काही फोटो चांगले होते. तेव्हाही मला ते दिसत होतं. नवरीपेक्षा तो बरा आलेला असायचा. तरी पुसले.

त्याला पुसायची गरज नव्हती. थोरल्याच्या फाइली एवढ्याशा, एका कार्डात दोन लग्नं बसायची. मी त्याला आळशी म्हणायचो. निवडायला शीक, नको ते टाकायला शीक, असं शिकवायचो. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या की आण्णा, जागा हाय."

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी आमची दोन लग्नं होती. एक गावातलं, त्याच्या वाट्याचं. दुसरं लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातलं, माझ्या वाट्याचं. पहाटे महादेवी वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "आण्णा, हे उठंनात." मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं होतं. झोपेतच. वय अडतीस. मी त्याच्या पायाशी बसलो आणि साडेआठला माझा फोन वाजायला लागला. फोटोवाले, कुठं हाव, हळद लावायची थांबलीय. त्यांना काय सांगायचं? मुहूर्त कुणासाठी थांबत नाही आणि त्या तारखेला तालुक्यात मोकळा फोटोग्राफर मिळणं शक्य नव्हतं. गावातल्या लग्नाला मी हातापाया पडून उमरग्याचा एक माणूस दिला, आणि खेड्यातल्या लग्नाला स्वतः गेलो. हळद काढली, अक्षता काढल्या, नवरा-नवरीला एकमेकांकडं बघून हसायला लावलं. त्या लग्नाच्या एकाही फोटोत मला काही वेगळं दिसत नाही. हात चालत होते. मी त्या दिवशी जायला नको होतं. हे मी वहिनींना कधी बोललो नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही.

चारच्या सुमारास परत आलो तेव्हा त्याला बसवलं होतं. लिंगायतांत माणूस गेल्यावर निजवत नाहीत. आंघोळ घालून, नवं कापड नेसवून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात आणि तसाच बसलेला नेतात. डोकं कलू नये म्हणून मागच्या खुंटीला पांढऱ्या पट्टीनं हलकं बांधलेलं होतं. गळ्यात हार. अशा वेळी फोटोवाला बोलावण्याची आमच्याकडं रीत आहे, शेवटचा फोटो पाहिजेच असतो. असे किती फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले होते. माझ्या गळ्यात कॅमेरा तसाच होता, लग्नाहून आलेला. त्याच्या एका म्हाताऱ्या चुलत्यानं मला बघितलं आणि म्हटलं, "आलाव का. काढा आता, उशीर करू नगा."

मी काढले. सवयीनं डोळ्यावर फोकस केला. डोळा मिटलेला होता. धाकट्यानं त्याच्या धर्माप्रमाणं काहीही सोडलं नाही. पापणीचे केस, दाढीतला एक पांढरा केस, जो मी जिवंतपणी कधी बघितला नव्हता. अकरा फोटो. काढून झाल्यावर मी पडद्यावर बघून घेतलं, नीट आलेत ना म्हणून. मागं कुणीतरी हुंदका दिला आणि मग मला कळलं की मी काय करतोय.

चौथ्या दिवशी वहिनी स्टुडिओत आल्या. अकराव्या दिवशी शिवगणाराधना होती, म्हणजे त्यांच्यातलं मागाहूनचं जेवण, आणि तोवर त्यांना भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात तो कुणीही दिसतो. लग्नाचा अल्बम होता, त्यात बाशिंगाखाली चोवीस वर्षांचा काटकुळा पोरगा, फ्लॅशनं डोळे लाल झालेला. वहिनी म्हणाल्या, हे लगीन लागलेलं पोर हाय, हे माझं माणूस न्हाई. त्याच्या मोबाइलचं कुलूप कुणालाच उघडेना, तेव्हा नातेवाइकांनी तो उमरग्याला दुकानात दिला होता. दुकानदारानं उघडून दिला, पण आतलं सगळं पुसून. वहिनींच्या मोबाइलमध्ये तो होता, गॉगल घातलेला, नाहीतर फोटो काढू नको म्हणून पुढं केलेला त्याचा पंजा. गावातल्या दर घरात त्यानं काढलेला फोटो होता. त्याचा कुणाकडंच नव्हता.

त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "त्या दिवशी बसवलेला काढलाव की तुमी. त्येचेच डोळे उघडून द्या. तुमी दोघं करत होताव की तसं."

करत होतो. आमच्या भागातल्या बऱ्याच स्टुडिओत हे काम चालतं. गेलेल्या माणसाचा दुसरा फोटो नसला की घरची माणसं बसवलेला फोटो आणतात, आणि डोळे उघडून द्या म्हणतात. मग भावाचे, नाहीतर मुलाचे डोळे घ्यायचे, कॉम्प्युटरवर पापणीच्या मापानं कापायचे आणि बसवायचे. हे काम शिवलिंगचं. मला त्यातलं बारीक जमायचं नाही. त्याचा एक नियम होता. डोळे रक्ताच्या माणसाचेच घ्यायचे. बाहेरच्याचे घेतले की घरातल्या बायका ओळखतात, म्हणायचा. आणि त्याला तर भाऊ नव्हता. पोरगी दहा वर्षांची, डोळे आईचे घेतलेली.

मी वहिनींना म्हटलं, त्याचेच डोळे शोधतो. आमच्याकडं बारा वर्षांच्या लग्नांच्या हार्ड डिस्क आहेत, कुठंतरी असेलच तो. त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि शोधायला बसलो. पाच दुपारी. एकेक लग्न उघडायचं, एकेक फोटो बघायचा. माझ्या फोटोंत तो कुठंच नव्हता. एखाद्या कडेला खांदा, एखाद्या आरशात पाठ. कुठं आपला हात नुसता, कुणाला तरी सरका म्हणणारा. बाकी सगळं स्वच्छ. माझं काम किती स्वच्छ होतं ते मी त्या पाच दिवसांत बघितलं. असं वाटलं की तो अंगठाच तोडून टाकावा.

शेवटी त्याची डिस्क लावली. त्यात सगळे थोरल्यानं काढलेले फोटो, म्हणजे तो कॅमेऱ्यामागं. पण कुणी एखाद्या वेळी थोरला हातात घेऊन त्याचा एखादा काढला असेल, एवढीच आशा. लग्नांच्या नावांमध्ये एक वेगळंच नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, आण्णा. उघडलं, तर आत मी. तीनशेच्या वर फोटो. बाराही वर्षांतले. त्याच्या फ्रेममध्ये मी आलो होतो, आणि त्यानं मला पुसलं नव्हतं. आधी वाटलं, जागा होती म्हणून राहिले असतील. पण राहिलेले फोटो जिथल्या तिथं राहतात. हे त्यानं प्रत्येक लग्नातून उचलून एका जागी आणून ठेवले होते. मी हुग्गी खातोय. मी दिवेवाल्यावर ओरडतोय. मी मांडवात दोन खुर्च्या जोडून झोपलोय, तोंड उघडं. माझे केस फोटोगणिक कमी होत जातात. आणि एका फोटोत मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलोय, कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत, अंगठा बटणावर. त्या वेळी मी काय पुसत होतो ते मला माहीत आहे.

काही फोटोंत मी सरळ त्याच्याकडं बघतोय. माझ्या चष्म्याच्या काचेत तरी तो उमटला असेल म्हणून मी ते मोठे करत गेलो, आणखी मोठे. दहा मेगापिक्सेल ते केवढे. चौकोन झाले, राखाडी, पांढरे, आणि त्यात माणूस नव्हता. मग एक फोटो आला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसता पुसता मी मान वर केलीय. तो काहीतरी चावट बोलला असणार. डोळ्यांत राग आहे आणि रागामागं हसू. माझ्या बायकोनंही मला असं कधी बघितलं नसेल. समोर फक्त शिवलिंग होता, म्हणून ते डोळे तसे होते.

नववा दिवस होता. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मी ते डोळे कापले.

चेहरा धाकट्याचा, डोळे थोरल्याचे. चेहऱ्याला धार, डोळे मऊ. चेहरा निळसर, डोळ्यांच्या कडा उबदार. आयुष्यभर केलं तेच जुळवणं पुन्हा करत बसलो. चेहऱ्याची धार कमी केली, डोळ्यांची वाढवली, गारठलेल्याला थोडं शेकलं. पापण्या मला जमत नव्हत्या, सहा वेळा मोडून पुन्हा केल्या. ज्याचं हे काम, तोच पडद्यावर होता. संध्याकाळपर्यंत त्यानं माझ्याकडं बघितलं. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

शिवगणाराधनेला आलेल्या माणसांनी फोटोपुढं उभं राहून मान हलवली. हुबेहूब, म्हणाले. आता बोलेल बघा, म्हणाले. वहिनींनी विचारलं, डोळे कुठं घावले. मी म्हटलं, एका जुन्या फोटोत. हे खोटं मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं, तोंडातून गेलं. त्यावर त्यांनी जे मागितलं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग त्यो अख्खा फोटू द्या की मला."

चार वर्षं त्या तो फोटो मागताहेत. शिवरात्रीला भेटल्या की, बाजारात भेटल्या की. कधी तगादा नाही, आवाज चढवणं नाही. घावला का आण्णा. आणि मी मशीन बिघडलंय, दुरुस्त झालं की बघतो, असं सांगत आलो. त्यांच्याकडं जाणं मी कमी केलं. गेलो तर भिंतीकडं पाठ करून बसायचो. त्या रोज सकाळी आंघोळ करून फोटोच्या काचेवर, कपाळाच्या जागी, विभूतीचे तीन पट्टे ओढतात. पोरगी शाळेला जाताना त्याच्यापुढं उभी राहून येते म्हणते. माझ्यासमोरही एकदा म्हणाली. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

मास्तरांचा फोन आला ही गोष्ट एवढ्याशा गावात दोन दिवसांत फिरली. गेल्या सोमवारी वहिनी स्टुडिओत आल्या. थोरला टेबलावरच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. नवरा गेल्यावर तो त्यांनीच माझ्याकडं ठेवायला दिला होता. मी विकायला काढला असं ऐकून रागावून आल्या असतील असं मला वाटलं. पण त्यांचं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. "इका न्हाईतर ठिवा," त्या म्हणाल्या, "पर त्याच्या आदी त्येच्यातला त्यो फोटू काढून घ्या, आण्णा. गिऱ्हाइकाबरूबर जाईल."

त्यांना वाटत होतं, फोटो कॅमेऱ्यातच असतो. एवढी वर्षं तो फोटो कपाटात, त्या काळ्या डब्यात जपून ठेवलेला आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. यावर आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं. का कोण जाणे, नाही बोललो. त्यांना खुर्चीवर बसवलं, कॉम्प्युटर लावला, आणि तो फोटो उघडून दाखवला. चष्मा पुसणारा मी.

त्यांना आधी काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. की हा फोटो शिवलिंगनं काढलाय. की भिंतीवरचे डोळे याच्यातले आहेत. की त्याचे फोटो माझ्याकडं कितीतरी होते आणि ते मीच, एकेक करून, माझ्या हातानं पुसले, कारण तो मधे येत होता. बोलताना मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुठंतरी डीजे लावून बघत होते.

त्या म्हणाल्या, "म्हंजी चार वर्सं सकाळ-संध्याकाळ म्या तुमालाच..." पदर सावरून उठल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. ऊन रणरणतं होतं.

मास्तरांना मी कळवलं की दोन्ही विकायचे नाहीत. ते हिरमुसले. पण चांगला कुठला, ते तरी सांगा, म्हणाले. मी म्हटलं, थोरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं, आणि ज्याला म्हटलं त्याला त्याचं काहीच नव्हतं.

तीन दिवस वहिनींचा फोन नाही. आज सकाळी पाय ओढत त्यांच्या घरी गेलो. फोटो उतरवून ठेवला असेल, तर तो मुकाट्यानं घेऊन यायचं ठरवलं होतं. पोरगी दाराशी वेणी घालत बसली होती. वहिनींनी या म्हटलं, पाणी दिलं, चहा टाकला. एरवीसारखंच. मी नेहमीप्रमाणे भिंतीकडं पाठ करून बसणार होतो, पण त्यांनी सतरंजी समोरच्या बाजूला टाकली, आणि मला बघावं लागलं. फोटो जागेवरच होता. ताजा हार होता. विभूतीचे तीन पट्टे कपाळावर नव्हते. ते खाली, दोन्ही डोळ्यांवरून, या कानापासून त्या कानापर्यंत ओढलेले होते. ओल्या बोटांनी, जाड, आतलं काही दिसणार नाही असे.